मागच्या आसनावरचा आवाज

प्रस्तावना

रोजच्या वापरातील एखादी वस्तू बिघडली की आपण बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ती वस्तू टाकून नवी आणण्याचा विचार करतो, किंवा ती वापरणाऱ्यालाच दोष देतो. नेमके काय बिघडले आहे हे पाहण्याचे मात्र राहून जाते. प्रस्तुत पाठात लेखकाने मोटारीतील मागचे स्पीकर बदलण्याचा एक घरगुती अनुभव सांगितला आहे. त्या निमित्ताने स्पीकर कसा चालतो, तो बदलताना कोणती काळजी घ्यावी आणि त्याआधी कोणती तपासणी करावी, हे आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• स्पीकरचे मुख्य भाग व त्यांचे कार्य सांगता येईल;
• मोटारीतील स्पीकर बदलण्याच्या कृतीचा क्रम लिहिता येईल;
• 'मोठा आवाज' आणि 'स्पष्ट आवाज' यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• कृती सांगणाऱ्या वाक्यांची रचना ओळखता येईल.

मूळ पाठ

आमची मोटार दहा वर्षांची आहे. कारखान्यातून आली तेव्हाच तिच्या चारही दारांत एकेक स्पीकर बसवलेला होता. गाडी मी चालवतो, पत्नी शेजारी बसते आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, मागे डाव्या बाजूला बसतात. त्यांचे वय ७८. दृष्टी अधू झाल्यामुळे बाहेरचे त्यांना फारसे दिसत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटातील धुके आणि झाडी आम्ही पाहतो; अण्णांना सोबत असते ती गाडीत लावलेल्या कीर्तनाची. तरुणपणी गावच्या भजनी मंडळात त्यांनी वीस वर्षे पखवाज वाजवला होता.

एका पावसाळ्यानंतर त्यांनी तक्रार सुरू केली. "अरे, शब्द कळत नाहीत. नुसती खरखर येते." मी आवाज वाढवला. पुन्हा तीच तक्रार. पुन्हा मी आवाज वाढवला. पुढे बसलेल्या आम्हां दोघांना सारे स्वच्छ ऐकू येत होते. शेवटी एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, आवाज चांगला आहे. आता तुमचे कानच तपासून घेऊ." त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. 'कीर्तन लावू का?' असे विचारले की 'राहू दे' म्हणत आणि खिडकीकडे तोंड करून बसत.

पुढच्या प्रवासात माझी मुलगी त्यांच्या शेजारी बसली. थोड्याच वेळात ती म्हणाली, "बाबा, इथं खरंच काही कळत नाही." मी गाडी बाजूला घेतली आणि मागे जाऊन बसलो. डाव्या दारातून फाटक्या कागदासारखी थरथर येत होती. उजव्या दारातून काहीच येत नव्हते. अण्णा माझ्याकडे वळले नाहीत. मलाही काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने गाडीकडे न पाहताच चार नवे स्पीकर आणि एक अँप्लिफायर घेण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून मी परतलो आणि शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. अण्णाही बरोबर होते.

मिस्त्री चालकाच्या आसनावर बसले नाहीत. मागचे दार उघडून ते म्हणाले, "अण्णा, जरा सरकून घ्या. तुम्ही रोज ऐकता ते आधी मला ऐकू द्या." संचातील कळ फिरवून त्यांनी सारा आवाज मागच्या दारांकडे वळवला आणि मिनिटभर डोळे मिटून ऐकले. मग मला म्हणाले, "सर, डावा फाटलाय. उजव्याचं उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. पण अण्णांचे कान चांगले आहेत."

कामाला लागण्यापूर्वी त्यांनी बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवली. दाराच्या मुठीमागील स्क्रू काढले आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने दाराचे आतील आवरण कडेकडेने उचकटले. लोखंडी पेचकसाने आवरणावर ओरखडे पडतात आणि आतील खुंट्या मोडतात. काचेच्या बटणाची जोडणी सुटी केल्यावर आवरण हातात आले. आत दाराच्या पत्र्यावर एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला होता. मिस्त्री त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलाला म्हणाले, "हा फाडायचा नाही. काचेवरचं पाणी दारात उतरतं, ते आत येऊ नये म्हणून हा असतो. स्पीकर उत्तम बसवला आणि पडदा फाडला, तर पहिल्याच पावसात गाडीत पाणी."

डावा स्पीकर बाहेर आला. त्याच्या शंकूभोवतीची फेसाची लवचीक कड दोन ठिकाणी फाटली होती. मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला. "मागं लोहचुंबक आहे. पुढं ही तारेची वेटोळी, शंकूला चिकटवलेली. संचातून येणारा विद्युत्प्रवाह सारखा दिशा बदलतो, तशी ही वेटोळी चुंबकात पुढं-मागं होते आणि शंकू हवा ढकलतो. तोच आवाज. कड फाटली की शंकू सरळ चालत नाही, थरथरतो. उन्हानं आणि दमट हवेनं फेस कुजतो. वरून आवाज वाढवला की उरलेलाही तुटतो."

मी मान खाली घातली. अण्णांसाठी म्हणून मी वाढवलेला आवाजच त्यांचा स्पीकर फाडत होता.

उजव्या दारातील स्पीकर वरून धड दिसत होता. मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून त्याचा रोध मोजला. काटा साडेतीन ओहमच्या आसपास थांबला. म्हणजे वेटोळी शाबूत होती. मग त्यांनी दीड व्होल्टच्या घड्याळी सेलच्या दोन तारा क्षणभरच त्याच्या टोकांना टेकवल्या. 'टक्' असा आवाज होऊन शंकू पुढे सरकला. स्पीकर जिवंत होता. दोष शोधत ते बिजागरीपाशी आले. तेथील रबरी नळी बाजूला करताच आत तुटलेली तार दिसली. दहा वर्षे दार उघडून-मिटून ती वाकत राहिली होती. "स्पीकर बदलला असता तरी हा मुकाच राहिला असता," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तार डाख लावून जोडली आणि तिच्यावर आवरण चढवले.

नवी जोडी मी त्यांच्या सांगण्यावरून आणली. त्यांनी चार गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या. पहिली, आकार : आमच्या दारात साडेसहा इंची, म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचा स्पीकर बसतो. दुसरी, खोली : मागचे चुंबक फार खोल असेल तर खाली उतरणारी काच त्यावर आदळते. तिसरी, रोध : संचाला चार ओहमचा स्पीकर हवा असेल तर दोन ओहमचा लावू नये, संचातून अधिक प्रवाह ओढला जातो आणि संच तापतो. चौथी, शक्ती : खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो, स्पीकर सतत पेलू शकेल ती शक्ती 'आरएमएस' या अक्षरांपुढे दिलेली असते. संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा. ती तीन डेसिबलने जास्त असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत मिळतो. मग वेगळा अँप्लिफायर लागतोच असे नाही.

"डावा एकच बदलला तर?" मी विचारले. "चालेल. पण दोन्हींकडचे स्वभाव सारखे नसले की आवाज एका बाजूला झुकतो. जोडी बदला आणि हा उजवा जपून ठेवा. धड वस्तू मोडीत टाकू नये."

नवे स्पीकर त्या मुलाने बसवले. पत्रा आणि स्पीकर यांच्यामध्ये त्याने फेसाचे कडे ठेवले, म्हणजे मागची हवा फटीतून पुढच्या हवेत मिसळत नाही आणि खर्ज क्षीण होत नाही. कारखान्याच्या मूळ तारा न कापता त्याने तयार जोडणी वापरली. काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला लागत नाही, हेही पाहिले. आवरण लावण्यापूर्वी बॅटरी जोडून कीर्तन सुरू केले. शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागले. मुलगा हसला, मीही समाधानाने मिस्त्रींकडे पाहिले.

मागच्या आसनावरून अण्णा म्हणाले, "शब्द आले, पण पखवाजाचा खर्ज कुठं गेला?"

मिस्त्रींनी कान दिला आणि मुलाकडे वळले. "उजव्याच्या तारा बघ." तारा उलट लागल्या होत्या, धन टोकाची तार ऋण टोकाला. त्यामुळे डावा शंकू हवा पुढे ढकलत असताना उजवा ती मागे ओढत होता आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकत होता. मुलाने तारा पालटल्या. पखवाजाचा घुमारा गाडीत भरला. अण्णांची बोटे गुडघ्यावर ठेका धरू लागली.

"हे मापयंत्राशिवाय कुणी ओळखलं नव्हतं अजून," मिस्त्री म्हणाले. "सर, यांचे कान तपासायला नेऊ नका. दुकानात आणून बसवा."

आम्ही सारेच हसलो. घरी परतताना मी आवाज वाढवला नाही. मागे वळून विचारले, "अण्णा, तिथं नीट ऐकू येतंय ना?" ते म्हणाले, "येतंय. आता थोडा कमी केलास तरी चालेल."

शब्दार्थ

अधू – कमजोर. रोध – विद्युत्प्रवाहास होणारा विरोध. याचे एकक ओहम. शंकू – स्पीकरमधील कंप पावणारा पातळ पडदा. वेटोळी – गुंडाळलेल्या तारेचे वळसे. डाख – वितळवलेल्या धातूने केलेला सांधा. खर्ज – खालच्या पट्टीतील गंभीर स्वर. धन व ऋण टोक – विद्युत्-जोडणीची अधिक व उणे टोके.

चला, समजून घेऊ या

मोटारीत, रेडिओत किंवा सभागृहात आज आढळणारे बहुतेक स्पीकर ज्या रचनेवर चालतात, तिला व्यवहार्य रूप देण्याचे श्रेय चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांना दिले जाते. त्यांचे संशोधन १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चुंबक, वेटोळी आणि शंकू ही त्रयी तेव्हापासून कायम आहे. तत्त्व एवढे साधे असल्यामुळेच एक सेल आणि एक मल्टिमीटर यांच्या साहाय्याने मिस्त्रींना प्राथमिक निदान करता आले.

या पाठात दोन दोष आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. डावीकडे स्पीकर निकामी झाला होता. उजवीकडे स्पीकर धड होता, पण तार तुटली होती. दोन्हींचा परिणाम लेखकाला पुढच्या आसनावरून कळणे शक्य नव्हते. म्हणूनच मिस्त्रींनी हत्यार उचलण्यापूर्वी अण्णांच्या जागी बसून ऐकले.

सूचना : काही गाड्यांच्या दारांत अपघातसमयी उघडणाऱ्या हवेच्या पिशव्यांशी निगडित तारा असतात. त्यांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. अशा तारांना प्रशिक्षित कारागिरानेच हात लावावा.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
१. उजवा स्पीकर बंद होता, कारण –
(अ) त्याचा शंकू फाटला होता. (आ) बिजागरीपाशी तार तुटली होती. (इ) संच बिघडला होता.
२. दारातील प्लॅस्टिकचा पडदा कशासाठी असतो?
(अ) आवाज वाढवण्यासाठी (आ) पाणी आत येऊ नये म्हणून (इ) शोभेसाठी
३. खर्ज नाहीसा झाला, कारण –
(अ) एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या होत्या. (आ) स्पीकर लहान होते. (इ) बॅटरी उतरली होती.

भाषाविशेष

कृती सांगताना मराठीत दोन प्रकारची वाक्ये विशेष आढळतात.
आज्ञार्थी : बॅटरीची तार सोडवा.
विध्यर्थी : बॅटरीची तार सोडवावी.
पहिल्या वाक्यात थेट सूचना आहे. दुसऱ्यात कर्तव्य किंवा योग्य रीत सांगितली आहे. माहितीपत्रकात व नियमावलीत विध्यर्थी वाक्ये अधिक वापरली जातात. 'धड वस्तू मोडीत टाकू नये' हे मिस्त्रींचे वाक्य पुन्हा वाचा. ते केवळ त्या स्पीकरपुरते नसून सर्वसाधारण रीत सांगणारे आहे, हे ध्यानात येईल.

आपण काय शिकलो

• वस्तू बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे तपासावे.
• आवाज मोठा केल्याने तो स्पष्ट होत नाही. सदोष स्पीकर त्यामुळे अधिक बिघडतो.
• नवा स्पीकर निवडताना आकार, खोली, रोध व सतत पेलता येणारी शक्ती पाहावी.
• वापरणाऱ्याची तक्रार हा तपासणीतील पहिला पुरावा असतो.

स्वाध्याय

१. 'अण्णा माझ्याकडे वळले नाहीत. मलाही काही बोलता आले नाही.' या प्रसंगी दोघांच्या मनात काय चालले असेल, ते आठ-दहा ओळींत लिहा.
२. स्पीकर बदलण्याच्या कृतीचे टप्पे विध्यर्थी वाक्यांत क्रमाने लिहा.
३. दुकानदार आणि मिस्त्री यांच्या सल्ल्यांतील फरक स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एखाद्या व्यक्तीच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले आणि ती पुढे खरी ठरली, असा अनुभव तुमच्या शब्दांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) २. (आ) ३. (अ)