दारूवाचून आनंदाचा पेला

रब्बीचा गहू घरात आला की माळव्यात लग्नसराई सुरू होते. धार काय, देवास काय, एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी मांडव पडतात आणि नेमका हाच कडक उन्हाचा काळ असतो. अशा वेळी काही घरांत पाहुण्यांच्या सन्मानासाठी म्हणून बाटली येते आणि जे पीत नाहीत त्यांच्या हाती साधे पाणी किंवा रंगीत बाटलीबंद पेय दिले जाते. ज्याने नुकतीच दारू सोडली आहे, त्याची अवस्था तर फारच अवघड होते. रिकामा हात दिसला की आप्तेष्ट "घे रे थोडी" म्हणून आग्रह धरतात. त्याच्या हातात चांगला भरलेला पेला असेल तर अर्धा आग्रह तिथेच संपतो. म्हणून घरच्या घरी, आपल्याच शेतातील जिन्नस वापरून असा पेला कसा करावा, याचा आपण येथे विचार करू.

सरबताचा हा शौक आपल्या भागात जुनाच आहे. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या मांडवगडावर माळव्याच्या सुलतानांची राजधानी होती. तेथील सुलतान घियासशहा याच्यासाठी इ. स. १५०० च्या सुमारास 'निमतनामा' नावाचा सचित्र पाकग्रंथ फारसीत तयार झाला. त्यात इतर पदार्थांबरोबर सरबतांच्याही कृती आहेत. हा ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुढे पवारांच्या धार व देवास संस्थानांमुळे मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आणि पन्हे व मठ्ठा माळव्याच्या ठंडाईशेजारी येऊन बसले.

दारूची जागा कशाने भरावी?

कॉकटेल म्हणजे निरनिराळ्या पेयांचे मिश्रण. त्यातून दारू वगळून नुसता फळांचा रस व साखर ठेवली तर ते पेय गोडमिट्ट लागते आणि दुसरा पेला कोणी मागत नाही. याचे कारण समजून घ्यावे. दारूमुळे पेयाला घशाशी झोंबणारा तिखटपणा, किंचित कडवटपणा आणि वास येतो. या तिन्ही गोष्टी आपण दुसरीकडून आणू शकतो. तिखटपणा आले व मिरी देतात. कडवटपणा लिंबाच्या सालीतून, तर तुरटपणा कोऱ्या चहातून मिळतो. वास पुदिना व भाजलेले जिरे देतात. याला कैरी, लिंबू किंवा चिंचेचा आंबटपणा आणि चिमूटभर मीठ यांची जोड दिली की गोडी आपोआप ताब्यात राहते. एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुढील कृतींत आपापल्या सोयीने बदल करता येतील.

१. कैरी-पुदिन्याचा सोडा
अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढावा. एक वाटी गरास दीड वाटी किसलेला गूळ, एक चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड व पाव चमचा मिरपूड घालून एकजीव करावे. पेल्यात पुदिन्याची चार पाने हाताने चुरगळून टाकावीत. त्यावर चार मोठे चमचे मिश्रण घालून थोड्या थंड पाण्याने सारखे करावे. साधा सोडा शेवटी पेल्याच्या कडेने हळूच ओतावा व फार ढवळू नये, नाहीतर बुडबुडे निघून जातात. मीठ आधीच विरघळवून घ्यावे. सोड्यावर कोरडे मीठ टाकल्यास फेस उसळून पेय सांडते.

२. मांडवच्या चिंचेचे सरबत
मांडवगडावर जाड बुंध्याची जी अजस्र झाडे दिसतात, त्यांना तेथे खुरासानी इमली व आपल्याकडे गोरखचिंच म्हणतात. हे झाड मूळ आफ्रिकेचे. तिकडे सेनेगल देशात याच फळाचे पेय घरोघरी करतात. मांडवच्या रस्त्यावर ही लांबट, कठीण कवचीची फळे विकायला असतात. कवच फोडून बियांसकट पांढरा, कोरडा गर एक वाटी घ्यावा व चार वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावा. नंतर कुस्करून गाळावा. त्यात पाऊण वाटी साखर, एक चमचा आल्याचा रस व चिमूटभर सैंधव घालावे. हा गर उकळू नये. त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते उष्णतेने नष्ट होते. गरातील पेक्टिनमुळे पेयाला छान दाटपणा येतो.

३. थंड चहाचा पेला
एक लिटर उकळत्या पाण्यात तीन चमचे चहा टाकून चार मिनिटे झाकून ठेवावा व गाळून थंड करावा. त्यात दोन लिंबांचा रस, एक चमचा आल्याचा रस व चवीपुरता गूळ घालावा. पेल्याच्या काठावर लिंबाची साल चोळावी. सालीतील तेलाने पेयाला वास येतो.

साठवण आणि सावधगिरी

पावसाळ्यात लिंबू स्वस्त असते आणि उन्हाळ्यात महाग होते. म्हणून स्वस्ताईच्या दिवसांत एक किलो रसात पावणेदोन किलो साखर विरघळवून तो पाक कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत भरून थंड जागी ठेवावा. साखरेचे प्रमाण एवढे असले की पाक सहसा आंबत नाही. पातळ सरबताचे मात्र तसे नाही. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढेपर्यंत ताडी होऊ लागते, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. हवेतील किण्व साखरेची दारू करते. सरबतही उन्हाळ्यात दिवसभर उघडे राहिले तर तेच होते. पेयाला आपोआप बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर ते टाकून द्यावे. दारू सोडलेल्या माणसाला तर ते मुळीच देऊ नये.

बर्फ नेहमी पिण्याच्या पाण्याचाच वापरावा. मासळी किंवा दूध थंड ठेवण्यासाठी मिळणारा कारखान्याचा बर्फ पेल्यात घालू नये. विहिरीचे पाणी उकळून माठात निववावे.

मधुमेही पाहुण्यांसाठी साखर व गूळ न घालता लिंबू, आले, पुदिना व सोडा यांचा वेगळा पेला ठेवावा. रक्तदाब असलेल्यांना मीठ कमी द्यावे. जुलाब होणाऱ्या मुलास सरबत देऊ नये, जास्त साखरेने जुलाब वाढतात. त्यासाठी दवाखान्यातील क्षारसंजीवनीची पुडी वापरावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे. ऊन लागून बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये. त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

उन्हात दारूने अंगाला थंडावा मिळतो, ही समजूत चुकीची आहे. दारूने लघवी जास्त होते आणि शरीरातील पाणी उलट कमी होते. दिवसभर मळणी केलेल्या माणसाने ती घेणे धोक्याचे असते.

विहिरीच्या थारोळ्याजवळ एक कागदी लिंबू लावावे, न्हाणीच्या पाण्यावर पुदिना वाढवावा आणि एका कुंडीत आले रुजवावे. लिंबू साधारण चौथ्या वर्षापासून फळ देऊ लागते. एवढ्या सामग्रीवर घरचे कार्य सहज निभावते.

शेवटी यजमानांना एक सूचना. हा पेला 'न पिणाऱ्यांसाठी' म्हणून कोपऱ्यात ठेवू नये. घरातील चांगल्या पेल्यांतून तो सर्वांना सारखाच आणि सर्वांत आधी द्यावा. मग कोण पितो व कोण पीत नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.