'कितीने' की 'कितीपट'? पाचवी ते आठवीच्या गणितातलं खरं वळण



"सर, चौथीपर्यंत हिला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. आता सहावीत काय झालंय तेच कळत नाही. तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेतले, तरी तेच!"

इथे मीरा-भाईंदरमध्ये शिकवताना पालकसभेत हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित स्वतः म्हटलंही असेल. अशाच एका सभेत एक मुलगी आईशेजारी मान खाली घालून उभी होती आणि मी काय केलं? सरावासाठी आणखी वीस उदाहरणांचा कागद दिला. आज वाटतं, ती माझी चूक होती. तिला पाढे येत होते, बेरीज-वजाबाकी येत होती. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मला तिच्या वहीतल्या एका ओळीने दाखवलं.

प्रश्न होता : ३/४ आणि ५/६ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता? तिने लिहिलं होतं, "दोन्ही सारखे." कारण विचारलं तर म्हणाली, "सर, तीनला चार व्हायला एक कमी, पाचला सहा व्हायला पण एकच कमी."

बघा, वजाबाकी अगदी बरोबर आहे! चूक वजाबाकीत नाही, वजाबाकीने तुलना करण्यात आहे. चौथीपर्यंतचं गणित मुख्यतः 'कितीने' विचारतं. कितीने जास्त, कितीने कमी, किती उरले. पाचवीपासून गणित हळूच दुसरा प्रश्न विचारू लागतं : कितीपट? आणि हा प्रश्न बदललाय हे मुलाला कुणी सांगतच नाही.

एकच मूळ, अनेक चुका

खालच्या चुका तुमच्या वर्गात किंवा घरी दिसतात का पाहा.

१) सरबत : २ लिंबांना ५ चमचे साखर, तर ६ लिंबांना किती? मूल म्हणतं, ९. "लिंबं ४ ने वाढली, मग साखरही ४ ने वाढवली." खरं तर लिंबं तिप्पट झाली, म्हणून साखर तिप्पट, म्हणजे १५ चमचे. नऊ चमच्यांचं सरबत प्रत्यक्ष करून प्यायला द्या, आंबट तोंड करून मूल स्वतःच सांगेल.

२) दशांश : १२ × ०.५ = ६ हे उत्तर आलं की मूल खोडून टाकतं. "गुणाकार केल्यावर संख्या कमी कशी होईल?" गुणाकार म्हणजे वाढ, हे त्याने चार वर्षं पाहिलेलं असतं. 'बाराची अर्धी पट' असं वाचलं तर सहा खटकत नाही.

३) शतमान : ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्क्यांनी कमी केली, तर पुन्हा ५००? नाही. ५०० चे ६०० झाले, पण उतरताना २० टक्के ६०० चे धरायचे, म्हणजे १२० गेले आणि उरले ४८०. इथे तर आपण मोठी माणसंही फसतो.

४) क्षेत्रफळ : चौरसाची बाजू ३ सेंमीची ६ सेंमी केली. परिमिती दुप्पट होते, १२ ची २४. पण क्षेत्रफळ ९ चं ३६ होतं, म्हणजे चौपट. सूत्र पाठ असलेली मुलंही हे उत्तर पाहून थबकतात.

चार धडे वेगवेगळे, पण दुखणं एकच. म्हणून प्रत्येक धड्याची वेगळी शिकवणी लावून उपयोग होत नाही.

पाठ्यपुस्तकातला धागा

बालभारतीची पुस्तकं या नजरेने चाळून पाहा. पाचवीत सममूल्य अपूर्णांक आणि दशांश येतात. सहावीत गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा आणि सरळव्याज. सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण. आठवीत चलन आणि चक्रवाढव्याज. मुलांना हे सुटे सुटे धडे वाटतात. आपण मधला धागा दाखवायला हवा.

व्याजाचंच बघा ना. १००० रुपयांवर दरसाल १० टक्के दराने सरळव्याज असेल तर रास ११००, १२००, १३०० अशी चढते. दरवर्षी १०० ने. चक्रवाढव्याजाने ती ११००, १२१०, १३३१ अशी होते. दरवर्षी १.१ पट. सरळव्याज 'कितीने' वाढतं, चक्रवाढव्याज 'कितीपट' वाढतं. दोन्ही सूत्रं फळ्यावर लिहिण्याआधी एवढं एक वाक्य मुलांच्या तोंडून आलं, तर पुढचं काम निम्मं होतं.

आपल्याच शहराचं उदाहरण

हा पाठ मी जनगणनेच्या आकड्यांवरून घेतो. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ साली सुमारे १ लाख ७५ हजार होती. २००१ साली ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली सुमारे ८ लाख ९ हजार. (आपली महानगरपालिका स्थापन झाली २००२ साली, म्हणजे या दोन दशकांच्या साधारण मध्ये.)

आता मुलांना विचारा : शहर कोणत्या दशकात जास्त झपाट्याने वाढलं?

आधी 'कितीने'. पहिल्या दशकात सुमारे ३ लाख ४५ हजारांनी, दुसऱ्यात सुमारे २ लाख ८९ हजारांनी. मुलं म्हणतात, "थोडाच फरक आहे सर."

मग 'कितीपट'. पहिल्या दशकात जवळजवळ तिप्पट! दुसऱ्यात दीडपटीहून थोडं जास्त. आता वर्गात चुळबूळ सुरू होते. जिथे एक शाळा पुरत होती तिथे दहा वर्षांत तीन लागणार. पाण्याची टाकी, बस, दवाखाना, सगळंच तिप्पट. ज्यांचे आजी-आजोबा तेव्हापासून इथे राहतात, ती मुलं घरी जाऊन विचारून येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगतात.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, हेही आवर्जून सांगा. किती नवीन माणसांची सोय करायची हे 'कितीने' सांगतं. जुन्या सोयींवर ताण किती पडला हे 'कितीपट' सांगतं.

आपल्या भाषेतला ठेवा

आता गंमत ऐका. हा 'पट'चा विचार आपल्या मराठीत आधीपासून भरलेला आहे. सव्वाशे म्हणजे किती? शंभर आणि पाव नव्हे, तर शंभर आणि शंभराचा पाव, म्हणजे १२५. सव्वा लाख म्हणजे लाख आणि लाखाचा पाव. तोच 'सव्वा', पण त्यातला पाव कशाचा यावर सगळं ठरतं. दीडशे, पावणेदोनशे, अडीच हजार, साडेतीन लाख हे शब्द मूल भाजीबाजारात आणि घरभाड्याच्या गप्पांत रोज ऐकतं. आपल्या वर्गात घरी हिंदी किंवा गुजराती बोलणारी मुलंही असतात. त्यांच्याकडेही सव्वा, दीड, अडीच यांना शब्द आहेतच. त्यांना विचारा, ती आनंदाने सांगतील.

पूर्वी मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे होते, त्यामुळे पाव रुपया चार आणे, पाऊण रुपया बारा आणे हा रोजचा हिशोब होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि या पाढ्यांची गरज कमी होत गेली. ते पुन्हा घोकून घ्या, असं मी म्हणत नाही. पण ते शब्द वापरायला काय हरकत आहे?

सरबताचंच कोष्टक करू. २ लिंबांना ५ चमचे. ४ लिंबं म्हणजे दुप्पट, १० चमचे. ३ लिंबं म्हणजे दीडपट, साडेसात चमचे. ५ लिंबं म्हणजे अडीचपट, साडेबारा चमचे. आणि १ लिंबू? निम्मं, अडीच चमचे. हीच पुस्तकातली एकमान पद्धत. मुलांनी ती 'शिकण्याआधीच' वापरलेली असते.

'पट' सगळीकडे लावायची नाही

इथे एक सावधगिरी हवी. त्रैराशिक एकदा जमलं की मुलं ते सगळीकडे लावत सुटतात. म्हणून मी मुद्दाम असे प्रश्न घालतो :

आई ३० वर्षांची, मुलगी १० वर्षांची. आज आईचं वय तिप्पट. दहा वर्षांनी? ४० आणि २०, म्हणजे दुप्पट. इथे पट बदलत जाते, फरक मात्र कायम २० राहतो. हे 'कितीने'चं उदाहरण.

दुसरं आपल्या रोजच्या प्रवासातलं. १५ डब्यांची लोकल १२ डब्यांच्या लोकलच्या कितीपट? सव्वापट. डबे सारखे धरले तर माणसंही सव्वापट मावतील. आता समजा १२ डब्यांची लोकल भाईंदरहून बोरिवलीला १६ मिनिटांत जाते, तर १५ डब्यांची किती मिनिटांत जाईल? हमखास कुणीतरी २० म्हणतं आणि मग सगळा वर्ग हसतो, ते मूलही हसतं. डबे वाढले म्हणून वेळ कशाला वाढेल? असं हसत हसत चुकलेलं पक्कं लक्षात राहतं.

घरी काय करता येईल?

पालकहो, रोज फक्त पाच मिनिटं काढा. एकाच गोष्टीवर दोन प्रश्न विचारा. अर्ध्या लिटरची पिशवी आणि दोन लिटरचा कॅन : कितीने जास्त? कितीपट? बाराशेचा ड्रेस नऊशेला मिळाला : कितीने स्वस्त? मूळ किमतीचा कितवा भाग कमी झाला? उत्तर चुकलं तर लगेच 'चूक' म्हणू नका. "तू कसं काढलंस?" एवढंच विचारा. त्या उत्तरात दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं.

पाढे नकोत असं नाही. पाढे हवेतच. पण ५६ ही ८ ची सातपट आहे हे दिसण्यासाठी हवेत, नुसते घोकण्यासाठी नव्हे.

त्या मुलीला मी पुढे कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीचे चार भाग कर, एकीचे सहा. तीन रंगव, पाच रंगव. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, उरलेला एक भाग दोन्हीकडे सारखा नाहीये." त्यानंतर बारा छेद करून ९/१२ आणि १०/१२ तिने आपणहून लिहिले.

तोवर ती "मला गणित येत नाही" असं म्हणायला लागली होती. अकरा-बारा वर्षांचं मूल हे वाक्य एकदा स्वतःबद्दल ठरवून बसलं की दहावीपर्यंत ते सोडत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच : पाचवी-सहावीत मूल अडखळलं तर आधी त्याची वही उघडा आणि पाहा, ते 'कितीने'चं उत्तर 'कितीपट'च्या प्रश्नाला तर देत नाहीये ना?

तुमच्या वर्गात, तुमच्या घरी असे कोणते प्रश्न निघाले ते जरूर कळवा.