अवयव राखणारा समीप किरणोपचार

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आदी मृदू ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगास ‘सार्कोमा’ म्हणतात. हा रोग विरळ असला, तरी मांडी, पोटरी, दंड ही त्याची नेहमीची स्थाने होत. त्याची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती फसवी ठरते. रापण ओढणाऱ्याच्या दंडावर अथवा माडावर चढणाऱ्याच्या मांडीवर आलेली गाठ मुका मार समजून तेल चोळण्यातच महिने निघून जाऊ शकतात.

पूर्वी अशा रुग्णाचा हात वा पाय कापणे हाच खात्रीचा उपाय मानला जाई. कारण केवळ गाठ काढली, तर आसपास उरलेल्या अदृश्य पेशींपासून ती पुन्हा वाढे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८२ साली ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवयव राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार घेतलेले रुग्ण आणि अवयव गमावलेले रुग्ण यांच्या एकूण जगण्याच्या प्रमाणात त्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे किरण रोगस्थानाच्या अगदी जवळून देण्याच्या पद्धतीस ‘ब्रॅकीथेरपी’ म्हणतात. ‘ब्रॅकी’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आखूड, म्हणजेच कमी अंतराचा. शस्त्रक्रियेत गाठ काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत सुमारे एकेक सेंटीमीटर अंतरावर बारीक, पोकळ नलिका बसवितात व जखम शिवतात. जखम सावरू लागल्यावर, काही दिवसांनी, त्या नलिकांतून इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूचा सूक्ष्म कण यंत्राद्वारे फिरविला जातो. ठरलेल्या मात्रा पूर्ण होताच नलिका काढून टाकतात. त्यानंतर रुग्णाच्या शरीरात किरणोत्सर्ग उरत नाही. त्याच्याजवळ बसण्यास भिण्याचे कारण नाही.

यामागील तत्त्व तुम्ही पदार्थविज्ञानात शिकता. बिंदुस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की तीव्रता चतुर्थांश होते, तिप्पट झाले की नवमांश. त्यामुळे रोगस्थानी भरपूर मात्रा पोहोचते आणि जवळचे हाड, सांधा व त्वचा यांना कमी झळ लागते. वाढत्या वयाच्या मुलांत याचे मोल अधिक आहे. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या व १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रौढांप्रमाणेच बालरुग्णांवरही असे उपचार झाले आहेत.

प्रत्येक रुग्णास ही पद्धत लागू पडत नाही. काहींना बाहेरून किरण द्यावे लागतात, तर क्वचित अवयव काढणे अपरिहार्य ठरते. मात्र गाठ लहान असताना रुग्ण आला, तर अवयव वाचण्याची आशा वाढते. म्हणून वाढत जाणारी, खोलवर असलेली वा ५ सेंटीमीटरहून मोठी गाठ दुखत नसली, तरी ओरोस किंवा बांबोळी येथील शासकीय रुग्णालयात दाखवावी. चोळू नये, घाईने कापूनही घेऊ नये. आधी एमआरआय व सुईने तुकडा काढून तपासणी व्हावी. आपल्या घरी कोणी अशी गाठ लपवीत असेल, तर त्यास हे समजावून सांगणे, हाच या पाठाचा खरा स्वाध्याय होय.