"आमच्या मुलाला खेळवतच नाहीत!" : राखीव खेळाडू आणि आपण



शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की संघ सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या फोनवर एक तक्रार हमखास येते. "मॅडम, लेकरू रोज सरावाला जाते, पण मॅचमध्ये खेळवतच नाही त्याले." आजच्या लेखात याच विषयावर बोलू या. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

आमची शाळा सातवीपर्यंत. वेगळा क्रीडाशिक्षक नाही, त्यामुळे डी.एड.ला शारीरिक शिक्षणाच्या तासाला जे काही शिकले होते त्या भांडवलावर कबड्डीचा संघ माझ्याकडे आला. दोन वर्षांपूर्वी १४ वर्षांखालील बारा मुलं घेऊन स्पर्धेला गेले. दोन सामने जिंकलो, तिसरा हरलो आणि परत आलो. दुसऱ्या सामन्यात आम्ही भरपूर गुणांनी पुढे होतो. शेवटची पाच-सहा मिनिटं राखीव मुलांना सहज उतरवता आलं असतं. माझ्या लक्षातच आलं नाही, मी ओरडण्यात गुंग होते. सातवीतला एक मुलगा तिन्ही सामने सतरंजीच्या कडेला बसून होता. गुडघ्याला पट्टा बांधलेला, पाठीवर नंबर लावलेला. नंतर सगळ्यांना तर्री-पोहे घेऊन दिले. त्याने प्लेट घेतली आणि शेजारच्या मुलाला देऊन टाकली. पोट भरलं असेल, असं मला वाटलं.

सोमवारी त्याची आई शाळेत आली. भांडायला आली नव्हती. म्हणाली, "मॅडम, खेळवलं नाही त्याचं काही नाही जी. पण कायले नाही खेळवलं, एवढं त्याले सांगा ना. तो म्हणते मी काही कामाचाच नाही."

मी गप्प बसले. कारण होतं. समोरचा चढाई करायला आला की हा मुलगा साखळी सोडून एकटाच पकड करायला धावायचा आणि मागे मोकळी जागा पडायची. हे मी सरावात दहा वेळा पाहिलं होतं. त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

बारा मुलं, सात जागा

ज्यांच्या घरात पहिल्यांदाच खेळाडू तयार होतोय त्यांच्यासाठी थोडं सांगते. कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात आणि मैदानात सातच उतरतात. म्हणजे निवड झाली तरी पाच जण राखीव राहणारच. खो-खोत पाठलाग करायला नऊ जण उतरतात, बाकीचे बाहेर. क्रिकेटची गोष्ट तर आणखी कडक. बारावा गडी क्षेत्ररक्षणाला येऊ शकतो, पण त्याला बॅटिंग-बॉलिंग मिळत नाही (डोक्याला मार लागून खेळाडू बदलावा लागला तर वेगळं). तेव्हा "निवड झाली म्हणजे खेळायला मिळणार" ही समजूत घरी आधीच दूर करायला हवी. अभिनंदनाचे पेढे वाटताना हे कोणी सांगत नाही.

त्यात आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की संघ घरी. त्यामुळे शिक्षक धोका पत्करत नाही, जमलेले सात जणच पुन्हा पुन्हा खेळवतो. दहावीत खेळाचे सवलतीचे गुण असतात, त्यामुळे जिंकण्याचं ओझं मोठ्या गटात आणखी वाढतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी तरी साखळी पद्धतीचे, दोन-तीन सामने नक्की मिळतील असे खेळ व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पद्धत बदलेपर्यंत मूल बाकावर बसणार आहे, आणि ते घरी आल्यावर त्याच्याशी काय बोलायचं हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

पॅड बांधून बसलेला मुलगा

सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९८८, मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, संघाच्या २ बाद ७४८. वर्गात हा आकडा सांगितला की मुलं टाळ्या वाजवतात. मग मी विचारते, त्यांच्यानंतर बॅटिंगला कोण येणार होतं?

येणार होता अमोल मुझुमदार. वय तेरा. पॅड बांधून तो वाट पाहत बसला, पण विकेट पडलीच नाही आणि त्याची पाळी आलीच नाही. त्याने काही चूक केली नव्हती, सरांनी त्याला डावललंही नव्हतं. पुढचे दोघे बाद होत नव्हते, एवढंच.

पुढे काय झालं तेही मुलांना पूर्ण सांगा, अर्धं सांगू नका. १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात तोपर्यंत जगात कोणी एवढ्या धावा केल्या नव्हत्या. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. कारकिर्दीत ११ हजारांच्या वर धावा झाल्या. आणि भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. म्हणून "थांब बाळा, सब्र का फल मीठा" हे वाक्य मुलाला जपूनच सांगा. फळ मिळेलच असं आपल्या हातात नसतं, आणि मुलांना खोटं लवकर कळतं.

गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. हेच मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे कोणाला बसवायचं हे ठरवणाऱ्यांत आता तेही आले. २०२५ च्या विश्वचषकात इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघाबाहेर ठेवलं गेलं. जास्तीची गोलंदाज हवी होती, म्हणून तिच्या जागी रेणुका सिंग आली. पुढच्याच सामन्यात, २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध, जेमिमा परतली आणि तिने नाबाद ७६ केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. सामन्यानंतर ती रडली, आणि या स्पर्धेत आपण किती घाबरलो होतो, आईला फोन करून किती रडलो होतो, हे सगळ्यांसमोर बोलली. अंतिम सामन्याची मानकरी शफाली वर्मा तर सुरुवातीला संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाल्यावर तिला बोलावणं आलं.

जेमिमाचं उदाहरण मी मुलांना एका कारणासाठी देते. तिला वगळण्याचं कारण होतं संघाची गरज. "मी कामाची नाही" हे त्यातून निघत नाही. आमच्या त्या सातवीतल्या मुलाने मात्र नेमकं तेच काढलं होतं, कारण खरं कारण त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. मग लेकरू स्वतःच एक कारण शोधतं, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यात वाईट कारण असतं.

घरी जाताना गाडीवर

पालकहो, मैदानावरून परत येताना गाडीवर मागे बसलेल्या मुलाला लगेच प्रश्न विचारू नका. "किती मिनिटं खेळवलं?" हा तर पहिला प्रश्न नकोच. त्याला भूक लागलेली असते, आधी खाऊ द्या. त्याच्यासमोर "सरांनी आपल्या ओळखीच्याच पोराला घेतलं" असं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी तो त्या सरांकडून काय शिकेल? आणि ज्या मुलाला खेळायला मिळालं तो बहुधा त्याचा दोस्त असतो. त्याला नावं ठेवली तर घरी दोन दुःखं होतील.

शिक्षकाशी जरूर बोला, पण सामन्याच्या दिवशी नको. त्या दिवशी आमचं डोकं ठिकाणावर नसतं, हे प्रामाणिकपणे सांगते. दोन दिवसांनी या, मुलाला सोबत आणा, आणि शक्य असेल तर त्यालाच बोलू द्या. "मला का घेतलं नाही" यापेक्षा "मॅडम, टीममध्ये येण्यासाठी मी आधी काय सुधारू" असं विचारलं की शिक्षकाला ठोस उत्तर द्यावंच लागतं. "मेहनत कर" हे उत्तर नाही. ते ऐकून उठू नका, पुन्हा विचारा.

खेळायला मिळणं फक्त मोठ्या स्पर्धेतच असतं असंही नाही. आचरेकर सर उन्हाळ्याच्या सुट्टीत सचिनला जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या सामन्यात उतरवायचे. आपल्याकडे वस्तीतलं ग्राउंड आहे, सुट्टीतलं शिबिर आहे, वर्गावर्गातले सामने आहेत. लहान संघात सातही जणांत खेळणारा मुलगा मोठ्या संघाच्या बाकावरच्या मुलापेक्षा लवकर शिकतो, हे मी पाहिलं आहे.

पण एक वेगळी गोष्टही ओळखा. सरावातही त्याला जोडी मिळत नसेल, नुसत्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला ठेवत असतील, सगळ्यांसमोर हसत असतील, तर ते राखीव असणं नाही. तिथून मुलाला खुशाल काढा. खेळ सोडला म्हणून तो भित्रा ठरत नाही.

आमची मिनिटांची वही

आईचं बोलणं ऐकल्यावर मी त्या मुलाला ग्राउंडवर नेलं आणि साखळीचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे तर मले पहिलेच सांगायचं होतं." खरं होतं ते.

तेव्हापासून एक वही ठेवली आहे. सरावाचे सामने धरून कोणत्या मुलाला किती मिनिटं मिळाली ते त्यात लिहिते. घड्याळ मुलंच लावतात, राखीव मुलांपैकी एक जण नोंद करतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाचही राखीव मुलांना एकेकटं बोलावून कारण सांगते. हा भाग अजूनही जड जातो, गेल्या वर्षी एक जण रडला. संघ बराच पुढे असला की दोघांनी मला हाक मारायची, हे कामही वाटून दिलं आहे, कारण ओरडताना मी अजूनही विसरते.

तो मुलगा आता दुसऱ्या शाळेत आठवीत आहे. आमच्याकडून जाण्याआधी वर्गावर्गातल्या शेवटच्या सामन्यात तो पूर्ण उत्तरार्ध खेळला. तीन पकडी केल्या, एकदा जुन्या सवयीने साखळी सोडली आणि गुण गेला. वहीत त्याच्या नावापुढे शेवटची नोंद त्याच्याच अक्षरात आहे: १५ मिनिटं.