गोल्फचा पहिला धडा

गोल्फ म्हणजे चेंडू लांब टोलविण्याचा खेळ, असा नवशिक्या मुलांचा समज असतो. परंतु दोनशे यार्डांचा टोला आणि सव्वाचार इंची खळग्याशी हुकलेला वीतभराचा फटका, दोहोंची मोजणी एकच होते. म्हणून आरंभ खळग्यापासून करावा.

उणकलच्या अंगणातही हा धडा गिरवता येतो. सपाट जमिनीवर पेला आडवा ठेवून तीन फुटांवरून चेंडू त्यात घालावा. पाय खांद्यांइतके फाकून, गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकावे. काठी दोन्ही हातांनी, पण न आवळता धरावी. डोके व मनगटे स्थिर ठेवून खांद्यांनीच काठी झुलवावी. ओळीने दहा वेळा साधले की एक पाऊल मागे सरावे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) बंगळूरची आदिती अशोक टोल्याच्या लांबीत मागे होती. तरी जवळच्या फटक्यांच्या बळावर ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले.

मोजणी मात्र मुलामुलींनी स्वतः व खरी करावी. या खेळात बहुधा पंच जवळ नसतो. चुकलेला फटकाही आपणच मांडावयाचा असतो. ही सवय पहिल्या दिवशीच लावावी.