भाचेसुनेसाठी, मशेरी सोडताना

परवा फोनवर बोलता बोलता तू आवाज खाली आणलास. "आत्या, तिसरा महिना लागलाय आणि सकाळी मशेरी लावल्याशिवाय मला उठवत नाही. आईंना कळू देऊ नका." मी वहिनींना काही सांगणार नाही. पण तुला सांगावं लागेल, आणि याच आठवड्यात. का, ते सविस्तर लिहिते. फोनवर तुला नीट ऐकताही येत नव्हतं.

मी तेवीस वर्षं मशेरी लावली. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनीच चिमूटभर हातावर ठेवली होती, मळमळ थांबते म्हणून. त्यांना त्यांच्या सासूनं दिली होती, दाढ ठणकत होती म्हणून. कृष्णाकाठच्या आमच्या गावात कुठली बाई "मला तंबाखूचं व्यसन आहे" असं म्हणायची नाही. दात घासते, म्हणायची. तंबाखू बाप्यांची, आपली ती मशेरी. पण ती तंबाखूच आहे गं, तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली आणि कुटून डबीत भरलेली. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं 1992 साली बंदी केली. घरातल्या तव्यावर कोण बंदी घालणार?

आणि मी तर अंगणवाडी सेविका. गरोदर बायांना आहार वाटायचा, बाळ झालं की झोळीत घालून काट्याला लावायचं, वजन वहीत लिहायचं. 2008 च्या श्रावणात पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरीचं बाळ तोललं. दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, त्याला ऊब कशी द्यायची, अंगावर किती वेळा पाजायचं, हे मी तिला समजावत होते आणि माझ्या हिरडीला मशेरी होती. तिच्याही होती. मुंबईतल्या गरोदर बायांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला होता. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं हलकी निघाली होती आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला होता. प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा मी इमानदारीत वहीत उतरवून घेतलं होतं. त्या पोरीचं बाळ मशेरीनंच हलकं झालं असं मी म्हणणार नाही, तिला रक्तही कमी होतं. पण त्यानंतर कुठल्या बाळंतिणीसमोर मला तशी बसवेना.

मग मी सोडली. तीनदा सोडली आणि तीनदा परत धरली. कधी चार दिवस टिकले, कधी आठ. प्रत्येक वेळी कुणाला न सांगता, अगदी तुझ्यासारखंच. चौथ्यांदा विचार करत बसले, तेव्हा कळलं की माझी खोट कुठे होती. पहाटे आमच्या मागच्या दारच्या पायरीवर आम्ही सात बायका जमायचो. चूल पेटायच्या आधी, पुरुष उठायच्या आधी. दिवसभरात आम्हाला बसायला मिळायचं ते तेवढंच. हातात डबी असली की बसलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही, हे तुलाही ठाऊक असेल. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीनं पाय दिला, कुणाला काल मार बसला, सगळं त्या पायरीवर निघायचं. मी मशेरी सोडली की ती पायरीही सोडायचे. घरात एकटी बसायचे, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की उठून जायचे. गेले की कुणी तरी प्रेमानं डबी पुढे करायचीच. तंबाखूला नाही म्हणणं आपल्याकडे माणसाला नाही म्हटल्यासारखं होतं.

म्हणून चौथ्यांदा मी पायरी सोडली नाही. तिथेच बसून सांगितलं, "मला सोडायची आहे. महिनाभर मला कुणी देऊ नका. मागितली तरी देऊ नका." तुम्हीही सोडा, असं मी म्हटलं नाही, आणि हा माझा तुला पहिला कानमंत्र समज. कुणाला शहाणपण शिकवायला गेलीस तर माणसं पाठ फिरवतात. मदत मागितलीस तर तीच माणसं राखणीला बसतात. चार दिवसांनी धाकटी जाऊ म्हणाली, मीपण बघते. मग शेजारची काकी. नवरात्र लागेपर्यंत सातांतल्या पाच जणी तयार झाल्या होत्या आणि घटस्थापनेला आम्ही एकत्र बंद केली.

तिथे एक चूक झाली, ती तू करू नकोस. आम्ही नऊ दिवस उपवासही धरले. मशेरी सुटली की भूक खवळते, डोकं दुखतं, त्यात पोट रिकामं. तिसऱ्या दिवशी दोघी जणी चक्कर येऊन बसल्या. दुसऱ्या वर्षी आणखी दोघींनी सोडली तेव्हा त्यांना आम्ही उपवास धरू दिले नाहीत. देवी तेवढं समजून घेते. तुला तर आता कसलाच उपवास नको, आणि चांगल्या दिवसाची वाट बघायलाही तुझ्याकडे वेळ नाही. येत्या सोमवारपासून सुरू कर.

आता अंगाचं सांगते. निकोटिन रक्तात दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी तोंड मागतं. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडशील, झोप मोडेल, डोळ्यांत उगाच पाणी येईल. आठवड्यानं उतार पडतो, तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते. लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. तेवढी दहा मिनिटं काढायची असतात, दिवस काढायचा नसतो. काकी त्या वेळात पाण्याची कळशी भरून आणायची. जाऊ अंगण दोनदा झाडायची. मी तांब्याभर पाणी घोटघोट प्यायचे, आणि कुणीतरी जवळ असलं तर सरळ सांगायचे, "आता आली बघ." तोंडानं सांगितलं की निम्मी ओसरते, हा माझा अनुभव.

एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, या भीतीनं कितीतरी जणी परत धरतात. पहिले काही दिवस होत नाही, हे खरं आहे. आतड्यालाही तिची सवय झालेली असते. उठल्या उठल्या कोमट पाणी पी, रात्री चार मनुका भिजत घाल, जेवणात पालेभाजी वाढव, अंगणात वीस मिनिटं चाल. दोन आठवड्यांत बसतं रांगेला. तरी त्रास झाला तर डॉक्टरांना सांग. मनानं जुलाबाची गोळी घेऊ नकोस, पोटात बाळ आहे.

दात आंबल्यासारखे वाटतील. मऊ ब्रश आण, पेस्ट आण. आमच्या पायरीवरच्या काकीनं चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ब्रश हातात धरला. सगळ्या जणींचे ब्रश मीच बाजारातून एकदम आणले होते, प्रत्येकीचा रंग वेगळा. पहाटे पायरीवर पाच जणी तोंडाला फेस आणून बसलेल्या. डबीची जागा ब्रशनं घेतली, पण बसणं तेच राहिलं. मला वाटतं आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. पहिल्या दिवसांत हिरडीतून थोडं रक्त येईल, थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. चहा झाला की लगेच चूळ भर, कारण चहामागे मशेरी हे तोंडाला पाठ झालेलं असतं.

तोंडात टाकायला बडीशेप ठेव, आवळकाठी ठेव, भाजलेली धनाडाळ ठेव. लवंग एखादी. सुपारी मात्र अजिबात नको, गोड सुपारीही नको. तंबाखू सोडून सुपारी धरणारे मी खूप पाहिले. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ कातडं आखडत जातं, तोंड उघडेनासं होतं आणि आखडलेलं पूर्ण पूर्ववत होत नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारीची पुडी अजून पोरांच्या दप्तरात सापडते.

महिन्यातून एकदा आम्ही एकमेकींचं तोंड बॅटरी मारून बघायचो. तूही आरशासमोर बघ. गालाच्या आत, हिरडीवर, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का. तोंड आलेलं पंधरा दिवसांत बरं झालं का. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का. काही वेगळं दिसलं तर थांबायचं नाही, तालुक्याला दाखवायचं. पायरीवरच्या एकीच्या गालात पांढरा चट्टा सापडला होता. मशेरी बंद झाल्यावर तो हळूहळू गेला. दुसरीची गाठ मात्र आम्ही बॅटरी धरायला लागलो तोवर खूप पुढे गेली होती. सात जणींतल्या ज्या दोघींनी पहिल्या वर्षी सोडली नव्हती, त्यांतली ती एक. तिच्या डब्याला भाकरी मऊ करून, दुधात कुस्करून आळीपाळीनं न्यायचो आम्ही. तिच्याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

निकोटिनचा च्युइंगम मिळतो, बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. पण तुझ्या अवस्थेत तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. तपासणीला जाशील तेव्हा तिथे मशेरीचं खरं सांग. डॉक्टर रागावल्या तर रागावू देत, बाळाच्या कामाचं आहे ते. आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर पुडीवर छापलेला नंबर असतो ना, 1800-11-2356, तो सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच आहे, पैसे पडत नाहीत.

आता आपल्या पोराचं, म्हणजे तुझ्या नवऱ्याचं. तो चुना लावून मळतो, बार भरतो, मला सगळं माहीत आहे. चुन्यानं निकोटिन गालातून आणखी लवकर ओढलं जातं, म्हणून त्याची तलफ तुझ्यापेक्षा हट्टी असेल. तो सोडेल तेव्हा मी सोडीन, असं ठरवू नकोस. त्यात दोघंही अडकतात. त्याच्याकडून आत्ता एवढंच माग, की घरात मळायची नाही, पुडी आणि चुन्याची डबी घराबाहेर ठेवायची. त्याचं मन झालं की तो त्याच्या दोस्तांना सांगेल. एकट्यानं त्यालाही जमणार नाही.

गाव आणखी काय करू शकतं, तेही सांगते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा 2003 पासून कायदा आहे. आम्ही बचत गटाच्या बायका दुकानदाराकडे भांडायला गेलो नाही. त्याचीच पोरं त्या शाळेत होती, तेवढं बोललो. पुड्यांच्या माळा त्यानं दारातून काढल्या. गडचिरोलीत तर डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं 2016 पासून 'मुक्तिपथ'चं काम चाललंय. तिथे गावंच्या गावं बसून ठरवतात की दारू आणि खर्रा आपल्या गावात विकू द्यायचा नाही. आमचं त्याच्यापुढे काहीच नाही. पण दारात माळ दिसत नसली की तलफ आलेल्या बाईला दहा मिनिटं काढायला सोपं जातं, हे आम्ही बघितलं. रोजच्या मशेरीचे दहा रुपये आम्ही गटात वेगळे टाकायचो, वर्षाला 3650 होतात. जावेनं त्यातून शेळी घेतली.

कधी हात जाईल. मयतीला, दहाव्याला, लग्नाच्या हळदीला, लावणीच्या दिवसांत कंबर मोडलेली असताना. माझा गेला होता, आई गेली तेव्हा. मी लपवलं नाही, दुसऱ्या पहाटे पायरीवर सांगितलं. कुणी "वाटलंच होतं" म्हणालं नाही. काकी म्हणाली, "आज परत पहिला दिवस धर," आणि विषय बदलला. तुझ्याभोवती ज्या बसतील त्यांना हे आधीच सांगून ठेव. टोमणा मारायचा नाही, परीक्षा बघायला डबी पुढे करायची नाही, आणि "मी बघ कशी सोडली" असं म्हणायचं नाही. हे शेवटचं माझ्या स्वतःसाठीही आहे.

आता वहिनींचं. तू कोनाड्यातल्या ज्या डबीतून घेतेस ती त्यांची आहे. रोज चिमूट कमी होते हे त्यांना कळत नसेल असं तुला वाटतं का? गप्प बसल्यात, कारण त्यांना स्वतःलाही सुटलेली नाही. मी त्यांना लग्न होऊन आल्या तेव्हापासून ओळखते. "तुम्ही सोडा" म्हणालीस तर त्या उठून जातील. "आई, बाळासाठी मला सोडायची आहे, माझ्या हाताला लागेल अशी डबी ठेवू नका," असं म्हण. त्या स्वयंपाकघरात एकट्या असतील तेव्हा म्हण. आणि भाजायचा तवा तेवढा त्यांच्याकडून मागून घे, त्या धुरातही तू बसायचं नाहीस.

सोमवारी पहाटे पाचला मी फोन करते. मंगळवारी आणि बुधवारीही करीन, ते तीन दिवस माझे. ब्रश हातात घेऊन मागच्या दारी बस, फोन मोठ्या आवाजावर ठेव. वहिनी उठल्या असतील तर त्यांना म्हण, आत्यांचा फोन आहे, बसा जरा.