नकाशाचा मध्य आणि भाड्याचा हिशेब

चि. केतकीस,


तू पाठवलेला नकाशा पाहिला. मालाच्या वजनाप्रमाणे सरासरी काढून तू नाशिक आणि संभाजीनगरच्या दरम्यान गोदामाचा टिपका दिलास. तो आधी पूस.

तुझेच आकडे ढोबळ करून घेतो. शंभर गाड्यांपैकी 55 मुंबईला, 15 नाशिकला, 10 संभाजीनगरला, 20 नागपूरला. अंतरं मुंबईपासून 170, 340 आणि 820 किलोमीटर. सरासरी येते सव्वादोनशेच्या आसपास. तिथे गोदाम टाकलंस तर गाड्या मिळून 26,250 किलोमीटर धावतील. मुंबईतच ठेवलंस तर 22,350. पटत नसेल तर गोदाम मुंबईहून एकच किलोमीटर नाशिककडे सरकवून बघ. 55 गाड्यांचा किलोमीटर वाढला, 45 गाड्यांचा वाचला. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला निदान एवढा तोटा आहेच. निम्म्याहून जास्त माल जिथे जातो, तिथेच भाडं सगळ्यात कमी पडतं. सरासरीला नागपूर लांबून ओढतं, म्हणून ती फसवते. समृद्धी महामार्गाने नागपूरचं अंतर कमी धरलंस तरी उत्तर हेच राहील. तुझा माल न्हावाशेवाला कंटेनरमधून उतरतो, म्हणजे आवकही याच बाजूची.

मुंबईत गोदामाची जागा कुणाला परवडते? भिवंडीपर्यंत मागे आलीस तर सगळ्या मिळून चारेकशे किलोमीटर वाढतील. जागेच्या भाड्यात ते सहज भरून निघतात. भिवंडी वाढली ती थोडी जकातीच्या कृपेनेही. माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवला की आत नेऊ तेवढ्याचीच जकात भरावी लागायची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. त्याआधी परराज्यात विक्री केली तर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, तो चुकवायला कंपन्या राज्याराज्यात गोदामं ठेवायच्या. तेही कारण संपलं. तुमच्या कंपनीची अशी जुनी गोदामं अजून चालू असतील, तर ती कशासाठी आहेत हे एकदा विचार. बहुतेक वेळा उत्तर ‘पहिल्यापासून आहे’ असंच मिळतं.

आता भाडं. किलोमीटरला अमुक रुपये असा एकच दर तू सगळीकडे लावलास, ते चालणार नाही. परतीचा माल मिळणाऱ्या मार्गावर गाडीवाला दर सोडतो; रिकामं यायचं असेल तर येण्याचा खर्चही जाण्याच्या भाड्यात घालतो. संत्र्याच्या हंगामात नागपूरहून मुंबईकडचं भाडं काय आणि एरवी काय, हे दोनचार ट्रान्सपोर्टवाल्यांना विचार. शिवाय वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) आणि अर्धी भरून गेलेली गाडी. हे तिन्ही खर्च नकाशावर कुठेच दिसत नाहीत.

नागपूरला दुसरं छोटं गोदाम घ्यायचा मोह होईल. तिकडे भरलेल्या गाड्या जात असतील तर घाई नको, दोन्हीकडे साठा अडकतो. गाडी पूर्ण न भरणारा माल (पार्ट लोड) जास्त असेल तर मात्र विचार करू.

गेल्या वर्षाच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) मार्गवार लावून पाठव.

तुझा,
मामा